बंदिवान माशाचा घास

रोमन इतिहासातील मत्स्यपालनाची सर्वांत प्रसिद्ध कथा भयंकर आहे. नेपल्सजवळच्या पॉसिलिपॉन येथे व्हेडियस पोलिओ नावाच्या धनिकाचा प्रासाद होता. त्याच्या तळ्यात ‘मोरे ईल’ हे आपल्याकडच्या वाम माशासारखे लांबोडक्या अंगाचे, तीक्ष्ण दातांचे मासे पाळलेले होते. सम्राट ऑगस्टस एकदा जेवायला आला असता एका गुलामाच्या हातून स्फटिकाचा पेला फुटला. पोलिओने त्याला माशांपुढे टाकण्याचा हुकूम दिला. गुलामाने सम्राटाचे पाय धरले. जीव वाचवा असे न म्हणता, निदान वेगळे मरण द्या एवढेच मागितले. ऑगस्टसने त्याला सोडवले, घरातले सगळे स्फटिकाचे पेले फोडायला लावले आणि तळे बुजवण्याची आज्ञा केली.

ही हकीकत सेनेकाने सांगितली, पुढे डिओ कॅसियसनेही नोंदवली. सेनेकाचा विषय क्रोध हा होता, मासे नव्हे. कथेतून नीतिबोध निघाला, तो योग्यच होता. परंतु तिने मागे ठेवलेले चित्र मात्र अर्धवट आहे. शिकारी मासा बंदिस्त केला की धोका माणसाला, हा समज त्या चित्रातून पक्का झाला. माशाला चारा घालण्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास पाहू लागलो, की बहुतेक वेळा उलट घडलेले दिसते. मासा मालकाच्या हातून मेला आहे, आणि बहुधा मालकाच्या लाडामुळे मेला आहे.

रोमनांना चाऱ्याचा प्रश्न चांगला ठाऊक होता. इ.स.पू. 37 च्या सुमारास व्हॅरोने शेतीवर ग्रंथ लिहिला, त्यात समुद्रकाठच्या श्रीमंतांच्या मत्स्यतळ्यांची चेष्टा आहे. हिर्रस नावाच्या गृहस्थाला तळ्याभोवतीच्या इमारतींचे जे उत्पन्न येई, ते सगळे माशांच्या खाद्यावर खर्ची पडे. प्रख्यात वक्ता हॉर्टेन्सियस स्वतःच्या जेवणासाठी बाजारातून मासे आणवी, कारण तळ्यातले मासे त्याला खायचे नसत, त्यांना खाऊ घालायचे असे. मोठ्या माशांसाठी चिंगळ्यांसारखे बारके मासे पकडून आणायला त्याने कोळी ठेवले होते. समुद्र खवळलेला असला की खारवलेले मासे विकत घेऊन तळ्यात टाकले जात. व्हॅरो पुढे जे सांगतो ते पोलिओच्या कथेइतकेच बोचते. आजारी गुलामाने गार पाणी पिऊ नये याची हॉर्टेन्सियसला जेवढी काळजी, त्याहून अधिक काळजी माशांना ताजे पाणी मिळावे याची होती. गुलामाचा जीव माशाहून स्वस्त, हे पोलिओच्या एकट्याच्या क्रौर्यातून आलेले नव्हते. त्या समाजाचा तो रोजचा हिशेब होता.

पहिल्या शतकातील कोलुमेला अधिक व्यवहारी आहे. चपट्या, दात नसलेल्या माशाला चावता येत नाही, तो घास चाटतो किंवा अख्खा गिळतो, म्हणून त्याला मऊ खाद्य द्यावे असे तो सांगतो. मोरे ईल इतर माशांत मिसळू नयेत, कारण कुत्र्यासारखे पिसाळले तर ते खवल्यांच्या माशांचा फडशा पाडतात, असाही त्याचा इशारा आहे. ‘पिसाळणे’ हे त्याचे निदान आज कोणी मान्य करणार नाही. मात्र तोंडाची घडण पाहून घास ठरवावा आणि शिकाऱ्याला वेगळे ठेवावे, हे दोन्ही नियम आजही जसेच्या तसे चालतात.

तोंडाच्या घडणीचा पुढचा उलगडा व्हायला 2007 साल उजाडले. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की मोरे ईलच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने भक्ष्य धरले की ही जोडी पुढे सरकते आणि घास आत ओढून नेते. या माशाची दृष्टी अधू आणि वासाची जाण तीव्र असते. मासळी हाताळलेली बोटे आणि मासळी यांत त्याला फरक करता येत नाही. मोठ्या मत्स्यालयांत लांब चिमट्याने किंवा काठीच्या टोकाने घास का देतात, याचे कारण हे आहे.

आपल्याकडेही या विषयाची जुनी नोंद आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ मराठी वाचकाला परिचित आहे तो त्यातील मराठीच्या जुन्या खुणांमुळे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. राजाने गळ टाकण्यापूर्वी कोणत्या जातीच्या माशाला काय चारावे, याचे वर्णन तिथे येते. मत्स्यतज्ज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सोमेश्वराचा हेतू करमणुकीचा होता, तरी जातीगणिक आहार वेगळा हे त्याने नोंदवून ठेवले.

काय चारावे हे असे अनुभवाने कळत गेले. त्यातले काय मारक ठरते आणि का, हे कळले ते माशांपासून नव्हे, तर कोल्ह्यांपासून. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ग्लेन्को येथे चॅस्टेक नावाच्या गृहस्थाचे रुपेरी कोल्ह्यांचे फार्म होते. केसाळ कातड्यासाठी हे प्राणी पाळत. 1932 मध्ये तिथले कोल्हे खाणे सोडू लागले, लडखडू लागले, मग त्यांचे पाय लुळे पडत आणि ते मरत. त्यांना स्वस्त पडणारे कच्चे कार्प मासे चारले जात होते. मिनेसोटा विद्यापीठातील आर. जी. ग्रीन यांनी छडा लावला. खाद्याचा दहावा हिस्सा जरी कच्चा कार्प असला तरी रोग होई, तोच कार्प शिजवून दिला तर होत नसे. आजारी कोल्ह्याला ब-1 जीवनसत्त्व दिले की तो सुधारे. जावा बेटात सडीक तांदळाने माणसांना जो बेरीबेरी होई, त्याचाच हा भाऊबंद. फरक एवढाच, की तांदळातून जीवनसत्त्व निघून गेलेले असते आणि कार्पमधला एक पदार्थ ते पोटात जाऊन नष्ट करतो. त्या पदार्थाला पुढे ‘थायमिनेज’ हे नाव मिळाले. उष्णतेने तो निकामी होतो, गोठवल्याने होत नाही.

मासा मासे शिजवून खात नाही. म्हणून हा शोध मत्स्यपालकाच्या दारात येऊन थांबतो. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत समुद्रातून ‘एलवाइफ’ हा थायमिनेज असलेला छोटा मासा शिरला. ट्राउट आणि सामन त्यावर पोसले. वरकरणी ते धष्टपुष्ट दिसत, पण त्यांच्या अंड्यांत पुरेसे ब-1 नसे आणि पिल्ले भोवंडून मरत. तीच पिल्ले ब-1 मिसळलेल्या पाण्यात ठेवली की सावरत. खुल्या पाण्यातला शिकारी एकाच भक्ष्यावर अवलंबून राहिला तर त्याची ही गत. काचेच्या पेटीतल्या माशाला तर निवडही नसते.

आज शहरी दिवाणखान्यांत अरोवाना, ऑस्कर यांसारखे मोठे मांसाहारी मासे दिसतात. क्रॉफर्ड मार्केटपासून कोणत्याही गावच्या मत्स्यदुकानापर्यंत त्यांच्यासाठी स्वस्त जिवंत गोल्डफिश मिळतात. गोल्डफिश हा कार्पच्याच कुळातला, आणि थायमिनेज त्यातही आहे. शिवाय गर्दीच्या टाकीत वाढलेला असा मासा परजीवी आणि रोगही सोबत आणतो. पाहुण्यांसमोर शिकारीचा खेळ होतो, मालकाला मासा खूश दिसतो. काही महिन्यांनी त्याची भूक मंदावते, तोल जातो, झटके येतात आणि दोष पाण्याला दिला जातो. चिकन किंवा मटणाचे तुकडे देण्याची चालही अशीच. या जातींना ती चरबी नीट पचत नाही, यकृतात साठते.

जाणते पालक यावर जे करतात ते साधे आहे. ते खाद्य आलटून पालटून देतात: कोळंबी, माकूळ, थायमिनेज नसलेल्या माशांचे तुकडे, तयार गोळ्या. गोठवलेली मासळी पूर्ण वितळवून घेतात आणि तिच्यात ब-1ची मात्रा भरतात. वाढ पूर्ण झालेल्या माशाला रोज न देता आठवड्यातून दोनतीनदाच, तेही मोजून देतात, कारण रानात मोठ्या शिकाऱ्याला रोज शिकार साधत नाही. उरलेला घास लगेच काढतात, नाहीतर तो कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. आणि हात पाण्यात न घालता चिमटा वापरतात.

हॉर्टेन्सियसच्या पैशाला तोटा नव्हता, कोळ्यांना तोटा नव्हता, प्रेमालाही नव्हता. बारक्या माशांत काय दडले आहे हे कळायला मात्र एका फार्मवरचे कोल्हे मरावे लागले. आपल्याला ते आयते कळले आहे. पोलिओचे तळे सम्राटाने बुजवले. दिवाणखान्यातल्या टाकीवर तसा कोणाचा हुकूम चालत नाही. तिथे माशाच्या बाजूने बोलणारे कोणी असेल, तर ते त्याला घास देणाऱ्याचे ज्ञानच.