मलनिःसारणाचे अर्थनियोजन आणि सामाईक गणनप्रणाली

मलनिःसारण हे वरकरणी अभियंत्याचे कार्य दिसते. तथापि ते टिकते जमाखर्चाच्या बळावर. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

१९७२ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यान्वये तेथील केंद्र शासन शुद्धीकरण-केंद्रांच्या मान्य बांधकामखर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग अनुदानरूपाने देऊ लागले. १९८७ च्या दुरुस्तीनंतर अनुदानाची जागा क्रमशः फिरत्या निधीतील कर्जांनी घेतली. परिणामी परतफेडीचा भार नागरिकांच्या देयकांवर पडला आणि दरनिश्चिती हा दीर्घ मुदतीच्या हिशेबाचा विषय झाला.

त्याच सुमारास हिशेबाचे साधनही पालटत होते. १९७९ साली विसिकॅल्क ही संगणकीय कोष्टकप्रणाली प्रचारात आली. तीत एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलत. परंतु ते केवळ त्याच तक्त्यात. अभियंत्याने पंपगृहाचे काम दोन वर्षे पुढे ढकलले, तरी लेखापालाच्या प्रतीत कर्जाची उचल जुन्याच वर्षी राहू शके, आणि दर त्या प्रतीवरून ठरत. सामाईक नियोजनप्रणालीची आवश्यकता या विसंगतीतून उद्भवते. तीत कामांचा अनुक्रम, कर्जफेड, राखीव निधी व दर ही सर्व एकाच गृहीतसंचावर आधारलेली असतात. आणि ती गृहीते प्रत्येक खात्यास तपासता येतात.

तथापि साधन सामाईक झाले म्हणजे विवेकही सामाईक होतो असे नव्हे. अलाबामातील जेफर्सन काउंटीने १९९६ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार मलवाहिन्यांची सुधारणा हाती घेतली. पुढे कर्जाचा मोठा भाग बदलत्या व्याजदराच्या रोख्यांत व व्याज-अदलाबदलीच्या करारांत गुंतला. २००८ च्या आर्थिक अरिष्टात व्याजाचा बोजा असह्य झाला. आणि ३०० कोटी डॉलरांहून अधिक मलनिःसारण-कर्जाखाली दबलेल्या काउंटीने ९ नोव्हेंबर २०११ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. या प्रकरणात लाचखोरीही सिद्ध झाली. केवळ गणनदोष हे त्याचे कारण नव्हते.

लाचखोरीस कोणतीही गणनप्रणाली आवर घालू शकत नाही. परंतु व्याज चढल्यास दर किती वाढेल, हा प्रश्न ती निर्णयापूर्वीच सर्वांसमोर मांडू शकते. ज्याच्या देयकातून कर्ज फिटावयाचे, त्या नागरिकालाही ती गृहीते पाहण्याचा अधिकार असणे, हीच तिच्या सामाईकपणाची खरी कसोटी होय.