आयोडीन, मीठ आणि बीदर-कलबुर्गीचा सीमाभाग

गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची संप्रेरके शरीराच्या चयापचयाचा वेग ठरवतात. ती कमी पडली की थकवा येतो, थंडी सोसत नाही, वजन वाढते. जास्त झाली की छाती धडधडते, वजन उतरते. ती तयार होण्यासाठी आयोडीन लागते. या ग्रंथीत आयोडीन असल्याचे जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाउमान यांनी १८९५ मध्ये दाखवले. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ केंडल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन हे तिचे संप्रेरक वेगळे केले.

१९५६ मध्ये हैदराबाद राज्यातील बीदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे जिल्हे म्हैसूर राज्यात (आजचे कर्नाटक) गेले. त्याच वर्षी हिमालयातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तिथला गलगंड (थायरॉइड ग्रंथीची सूज) घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला.

बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील औराद, भालकी, आळंद हे तालुके समुद्रापासून दूर; मीठ बाहेरूनच येते. म्हणून मिठातूनच आयोडीन घरोघरी पोहोचवणे सोपे ठरले. प्रौढाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आहे.

मात्र थायरॉइडचा प्रत्येक विकार आयोडीनअभावी होत नाही. कधी शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते, तेव्हा रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी ठरवलेले उपचार लागतात.