नाव, ठिकाण आणि संहिता : संगणकीय अक्षरजुळणीच्या इतिहासातील एक प्रकरण

मुद्रित संहितेचा विचार करताना समीक्षक बहुधा पानावर उमटलेल्या शब्दापासून आरंभ करतो. तो शब्द पानावर येण्यापूर्वी कोणत्या व्यवस्थेतून गेला, हा प्रश्न मुद्रकाचा म्हणून बाजूला ठेवला जातो. खिळ्यांच्या काळात ही विभागणी चालून जात असे. जुळाऱ्याने खणातून खिळा उचलून ओळीत बसवला, की त्या खणाचा संहितेशी असलेला संबंध संपत असे. संगणकीय अक्षरजुळणीत तो संपत नाही. येथे संहिता दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि दर वेळी तिची सामग्री, म्हणजे टंक, मांडणीचे नियम, स्वतंत्र फाइलींत ठेवलेली प्रकरणे, नव्याने शोधावी लागते. हा शोध कोठे घ्यायचा याची वाट संगणकाला आखून द्यावी लागते. त्या वाटेचा इतिहास हा वरवर पाहता तंत्रज्ञांचा विषय आहे. परंतु 'तीच संहिता' असे आपण कशाला म्हणतो, हा पाठचिकित्सेचा जुना प्रश्न त्यात नव्या रूपात उभा राहतो, असे दाखवण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या इतिहासाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'टेक' ही अक्षरजुळणीची आज्ञावली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणिती व संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांना १९७७ च्या वसंतात आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहायला मिळाली. खिळ्यांची जागा प्रकाशजुळणीने घेतली होती आणि अक्षरांचा दर्जा त्यांना समाधानकारक वाटला नाही. त्या असमाधानातून टेकचा जन्म झाला. कनूथ यांची आकांक्षा केवळ सुंदर पानाची नव्हती. एकच संहिता कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही काळी जुळवली तरी ओळी त्याच ठिकाणी तुटाव्यात, अशी ती होती. १९८२ मध्ये त्यांनी टेकचे संपूर्ण पुनर्लेखन केले ते याच दृष्टीने. गणिते अशा रीतीने मांडली, की यंत्र बदलले तरी उत्तर बदलू नये.

मात्र एका ठिकाणी ही सार्वत्रिकता अडली. ते ठिकाण म्हणजे फाइलचे नाव. ओळ कोठे तोडायची हे गणिताने ठरवता येते. फाइल कोठे आहे हे गणिताने ठरत नाही. ते प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेतांवर अवलंबून असते आणि हे संकेत सोस्यूर ज्या अर्थाने चिन्हाला यादृच्छिक म्हणतो त्या अर्थाने यादृच्छिक असतात. युनिक्समध्ये डिरेक्टऱ्या तिरक्या रेघेने (/) वेगळ्या केल्या जात. व्हीएमएसमध्ये त्या चौकटी कंसात, टिंबांनी तोडून लिहीत. जुन्या मॅकिंटॉशवर हेच काम अपूर्णविराम (:) करी. युनिक्सवर मात्र अपूर्णविराम दोन वाटांमधली सीमा दाखवी. डॉसमध्ये तो डिस्कच्या अक्षरामागे येत असल्यामुळे वाटा वेगळ्या करण्यासाठी अर्धविराम (;) घ्यावा लागे. म्हणजे चिन्हे तीच, व्याकरणे वेगवेगळी. कनूथ यांनी फाइलनावाचे 'क्षेत्र', 'नाव' आणि 'शेपूट' असे तीन भाग कल्पिले, मूळ आज्ञावलीत एक नमुनादाखल व्याकरण दिले आणि हा भाग ज्याने त्याने आपल्या यंत्रानुसार बदलावा असे ठरवले.

हा बदल करण्याची त्यांनी घालून दिलेली पद्धत पाठचिकित्सकाला ओळखीची वाटेल. मूळ आज्ञावलीला कोणी हात लावायचा नाही. बदल एका वेगळ्या 'बदल-फाइल'मध्ये नोंदवायचे आणि यंत्राने दोन्ही एकत्र करून स्थानिक प्रत सिद्ध करायची. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत वर सिद्ध केलेली संहिता आणि खाली पाठभेद अशी रचना आहे. येथेही मूळ व भेद वेगळे ठेवलेले आहेत. फरक इतकाच, की चिकित्सक आवृत्तीत दोन्ही एकाच पानावर वाचकाच्या समोर असतात. टेकच्या वापरणाऱ्याला बदल-फाइल कधी दिसतही नाही.

उलट्या तिरक्या रेघेची (\) कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. टेकमध्ये ही रेघ आज्ञेची खूण आहे. तिच्यामागे येणारा शब्द छापायचा नसतो, पाळायचा असतो. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टऱ्या नव्हत्या आणि सरळ तिरकी रेघ आज्ञांचे पर्याय दाखवण्यात आधीच खर्ची पडली होती. म्हणून १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टऱ्या आल्या तेव्हा त्यांच्यासाठी उलटी रेघ निवडली गेली. परिणामी डॉसवरचा लेखक आपल्या प्रकरणाचा पत्ता 'सी:\लेख\भाग' असा टेकला सांगू लागला, की टेक त्यात पत्ता न वाचता 'लेख' आणि 'भाग' नावाच्या दोन आज्ञा वाची. अशा आज्ञा नसल्या तर चूक तत्काळ कळे. योगायोगाने त्या नावाची आज्ञा असलीच, तर पत्ता पाळला जाण्याऐवजी भलतेच काही पाळले जाई. म्हणून डॉसवर आणि पुढे विंडोजवरही टेकच्या संहितेत युनिक्सची सरळ रेघच लिहावी, असा प्रघात पडला.

१९९४ मध्ये आलेल्या 'लाटेक टू-ई' या आवृत्तीने या अडचणीवर केलेला उपाय पाहण्यासारखा आहे. आपण कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चाललो आहोत हे जाणण्याचे साधन टेकपाशी नव्हते. तेव्हा ती प्रथम एक लहानशी फाइल स्वतःच लिही आणि मग तीच फाइल युनिक्सच्या, व्हीएमएसच्या आणि मॅकिंटॉशच्या रीतीने हाक मारून मागून पाही. ज्या हाकेला उत्तर येई ती इथली भाषा, असा निष्कर्ष निघे. परक्या गावी उतरलेल्या प्रवाशाने तीन भाषांत साद घालून पाहावी, तसा हा प्रकार होता.

तथापि खरा पालट घडला तो नाव आणि ठिकाण यांची फारकत झाल्यावर. टेकच्या मूळ आज्ञावलीत शोधाच्या जागा दोनच होत्या: प्रथम हाताशी असलेले क्षेत्र, तेथे न सापडल्यास एक ठरावीक सामायिक क्षेत्र. टंकांची आणि शैलीच्या फाइलींची संख्या वाढू लागली तशी ही व्यवस्था अपुरी पडली. कार्ल बेरी यांच्या 'केपाथसी' या वाट-शोधक ग्रंथालयाने वेगळी रीत रूढ केली. संहितेने केवळ नाव उच्चारायचे. ते नाव कोणकोणत्या ठिकाणी, कोणत्या क्रमाने शोधायचे हे संहितेबाहेरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे. वाटेच्या शेवटी दोन तिरक्या रेघा दिल्या की खालच्या सर्व डिरेक्टऱ्या धुंडाळल्या जात. एवढा शोध दर वेळी घेणे संथ होई, म्हणून सर्व फाइलींची एक यादी तयार करून ठेवण्यात येऊ लागली. तीतून एक चमत्कारिक स्थिती उद्भवली. नवी फाइल डिस्कवर ठेवली पण यादी नव्याने केली नाही, तर डोळ्यांना दिसणारी फाइल टेकला मात्र 'नसते'. ग्रंथालयात पुस्तक फळीवर असावे आणि तालिकेत नोंद नसल्यामुळे ते 'उपलब्ध नाही' ठरावे, तसेच हे.

या व्यवस्थेला सार्वत्रिक रूप देण्यासाठी टेक वापरणाऱ्यांच्या संघटनेच्या एका कार्यगटाने डिरेक्टऱ्यांची एकच रचना सुचवली. १९९५ मध्ये तिचा मसुदा प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये सुधारित आवृत्ती आली. या रचनेवर दुबळ्यांत दुबळ्या यंत्राची मर्यादा पडलेली दिसते. डॉस आणि तत्कालीन सीडी यांना आठ अक्षरी नाव आणि तीन अक्षरी शेपूट एवढेच पेलत होते, म्हणून नावे तेवढ्यात बसवावी लागली. १९९६ मध्ये निघालेल्या 'टेक लाइव्ह' या पहिल्या सीडीपासून ही रचना घरोघर पोचली.

नाव आणि ठिकाण वेगळे झाल्यामुळे संहिता प्रवासाला मोकळी झाली, हे निर्विवाद. पण त्याची किंमतही द्यावी लागली आणि समीक्षेच्या दृष्टीने कळीचा मुद्दा तोच आहे. शोधाच्या क्रमात वापरणाऱ्याची खासगी डिरेक्टरी बहुधा सामायिक डिरेक्टरीच्या आधी येते. तेथे त्याच नावाची जुनी किंवा बदललेली फाइल असली, तर तीच उचलली जाते. दोन संगणकांवर अक्षरशः एकच संहिता असते, तरी ओळी वेगळ्या तुटतात, पाने वेगळी पडतात, क्वचित अक्षरेही वेगळी उमटतात. हा पाठभेद कोणत्याही पोथीत लिहिलेला नसतो. तो दोन पोथ्यांच्या मधल्या मौनात असतो. कनूथ यांनी टेक गोठवून ठेवली, यापुढे तीत मूलभूत बदल करणार नाही असे १९९० मध्ये जाहीर केले, तरी तिच्या भोवतालचा नकाशा गोठवणे त्यांच्या हाती नव्हते. वापरलेल्या फाइलींची आवृत्तीनिशी यादी छापणारी एक आज्ञा लाटेकमध्ये आहे. संपादकाने दिलेल्या हस्तलिखितांच्या यादीचेच ते संगणकीय रूप म्हणावे लागेल. दुर्दैवाने फार थोडे लेखक ती वापरतात.

देवनागरीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. फ्रान्स व्हेल्टहौस यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात टेकसाठी देवनागरीची जी व्यवस्था सिद्ध केली, तीत लेखन रोमन अक्षरांत करायचे असे आणि मोठे रोमन 'ए' हे दीर्घ 'आ'चे एक चिन्ह होते. म्हणजे ज्या लहान-मोठ्या लिपीचा भेद देवनागरीत मुळीच नाही, तो संहितेत अर्थभेदक ठरला. फाइलनावांत तोच भेद युनिक्स मानीत असे आणि डॉस मानीत नसे. याच व्यवस्थेत काही अक्षरांच्या मुंबई वळणासाठी स्वतंत्र टंक आहे. सर्वसाधारण टंकाच्या 'डीव्हीएनजी' या नावातले शेवटचे अक्षर बदलून 'डीव्हीएनबी' केले, की मुंबई वळण येते. एका प्रदेशाची मुद्रणपरंपरा फाइलनावातील एका अक्षरावर तोललेली आहे. ती फाइल वाटेवर सापडली नाही, तर वळणाची निवड लेखकाने केली असूनही पानावर उतरणार नाही.

आज युनिकोड आल्यामुळे आणि २०१९ च्या लाटेकने देवनागरी फाइलनावे सुकर केल्यामुळे हा इतिहास संपला, असे वाटण्याचा संभव आहे. तो संपलेला नाही. मराठीतील 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका स्वतंत्र चिन्हाने लिहिता येते, किंवा 'र' आणि नुक्ता अशा जोडीने. दोन्ही रूपे समतुल्य मानली आहेत. ॲपलची १९९८ ची फाइलव्यवस्था नावे साठवताना अशा अक्षरांची फोड करी. लिनक्स साधारणपणे नावातील प्रत्येक बाइट जसाच्या तसा ताडून पाहते. म्हणून त्या मॅकवर ठेवलेली 'दुसऱ्या आवृत्ती'ची फाइल लिनक्सवर आणली, तर संहितेतले नाव आणि डिस्कवरचे नाव पडद्यावर तंतोतंत सारखे दिसूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

तेव्हा मराठीच्या संगणकीय संहिता जतन करायच्या असतील, तर केवळ लेखनाची फाइल ठेवणे पुरेसे नाही. तिने ज्या ज्या फाइलींना नावाने हाक मारली त्या फाइली, त्यांच्या आवृत्त्या आणि त्या ज्या क्रमाने शोधल्या गेल्या तो क्रम, हे सर्व तिच्याबरोबर जपले पाहिजे. पोथीच्या संपादकाने पोथी कोठे मिळाली हे नोंदवणे आपण अनिवार्य मानतो, कारण ठिकाण हा पाठाच्या इतिहासाचा भाग असतो. यंत्राने आखलेल्या वाटेलाही तोच न्याय लावायला हवा.