एक जीबी गेला कुठे?

भाची अकरावीत गेली तेव्हा अब्बांचा 2006चा लॅपटॉप कपाटातून बाहेर काढला. तिने ईदीच्या पैशांतून दोन-दोन जीबीच्या दोन जुन्या रॅम आणल्या. बसवून यंत्र सुरू केले, तर पडद्यावर तीनच जीबी! "मामू, दुकानदाराने फसवलं," ती म्हणाली. क्षणभर मलाही तसेच वाटले. पण हा हिशेब दुकानदारापेक्षा फार जुना होता.

प्रोसेसरला मेमरीतला प्रत्येक बाइट पत्त्यावरून शोधावा लागतो. 1978च्या इंटेल 8086ला पत्त्यासाठी 20 तारा होत्या. म्हणजे 10,48,576 पत्ते, एक एमबी. 1981च्या आयबीएम पीसीत त्यातले खालचे 640 केबी प्रोग्रामना मिळाले. वरचे 384 केबी पडदा आणि यंत्राच्या इतर कामांसाठी राखून ठेवले. 640 केबी तेव्हा भरपूर वाटले असावेत. पुढे लोक एकेका केबीसाठी झगडले. 1985च्या 80386ला 32 तारा मिळाल्या. पत्ते झाले 4,29,49,67,296, म्हणजे चार जीबी. त्या काळी घरच्या संगणकात चार एमबी असणे हीच श्रीमंती होती, मग चार जीबीची चिंता कोण करणार?

अब्बांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर 64 बिटचा, पण त्याच्या जोडीचा 945 चिपसेट 32 तारांवरच थांबलेला. त्यात राखीव जागेची जुनी रीतही तशीच: ग्राफिक्स आणि इतर भाग वरचे पत्ते घेऊन बसतात. रॅम चार जीबी असते, पण जवळपास एक जीबी घरांना पत्ताच उरत नाही. पत्ता नाही तिथे टपाल कसे पोचणार?

भाचीला हे पटले. मग तिने विचारले, "2016च्या लॅपटॉपमध्ये सोळा जीबी बसते ना? तरी त्यावर विंडोज 11 का चालत नाही म्हणतात?"

इथे मी अडखळलो. 2021च्या विंडोज 11साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, आणि मान्य इंटेल प्रोसेसरांची यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. सुरक्षेचे कारण खोटे नाही. पण तारा संपणे वेगळे, यादीत नाव नसणे वेगळे. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10चा नेहमीचा आधार संपला. त्या रात्री कुठल्याही यंत्रातली एकही तार कमी झाली नव्हती.

अब्बांच्या लॅपटॉपवर आम्ही लिनक्स टाकले. दोन जीबीची एक रॅम दुकानदाराने एक जीबीशी बदलून दिली, वरचे पैसेही परत केले. पडद्यावरचा आकडा जवळपास तोच राहिला.