हरळीची लादी

उरुळी कांचनच्या आसपास सोलापूर रस्त्याला रोपवाटिकांच्या मागे काही वावरं बारा महिने हिरवी दिसतात. त्यांत ना कणीस, ना शेंग. तिथे लॉन पिकतं. बायका ओळीने उकिडव्या बसून धारदार पात्याने गवताचे चौकोन कापतात, खालून माती सोडवतात, थप्प्या लावतात. संध्याकाळी टेम्पो भरतो आणि दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या एखाद्या नव्या बंगल्यापुढे, जिथे कालपर्यंत वाळू-खडी पडलेली होती तिथे, हिरवळ अंथरलेली असते. माझा थोरला भाऊ आमच्या निम्म्या रानात आता हेच पीक घेतो. मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. पण या गवताचा इतिहास सांगायचा तर तो मला आमच्या बांधापासूनच सुरू करावा लागतो. दादाच्या वावरात दोन-तीन जाती आहेत, त्यांतली बारीक पानाची एक म्हणजे निवडून वाढवलेली हरळी; आणि हरळी ही आमच्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची वैरीण.

काळ्या रानात हरळी शिरली की शेतकऱ्याची झोप उडायची. वर दिसतं ते पान म्हणजे काहीच नाही. खरी हरळी जमिनीखाली असते: पांढुरक्या, पेरापेरांच्या काशा, हात-हातभर खोल गेलेल्या. काशी तुटली की प्रत्येक पेरातून नवं गवत. म्हणून कुळव मारला की ती कमी होण्याऐवजी रानभर पसरते. लाकडी नांगर वरवरची माती हलवायचा. त्याला काशा लागायच्याच नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर घडवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक तो घ्यायला तयार नव्हते. तो नांगर गावोगाव पोचेपर्यंत, आणि छोट्या शेतकऱ्याच्या घरी त्यानंतरही बराच काळ, पहार आणि माणसांचे हात एवढंच हत्यार होतं. आजी सांगायची, चैत्रात रान पहारीने उलथून ठेवायचं. ढेकळं वैशाखभर तापू द्यायची. मग ती एकेक फोडून काशा वेचायच्या, बांधावर ढीग घालून जाळायच्या. दिवसभर ढेकळं फोडून बायकांच्या तळव्यांना फोड यायचे. एवढं करून चार काशा राहिल्याच तर मृगाच्या पावसानंतर त्या हजर. हीच आजी भाद्रपदात गणपतीसाठी त्याच बांधावरच्या हरळीच्या कोवळ्या दूर्वा खुडून एकवीसची जुडी बांधायची. तिच्या लेखी या दोन गोष्टींत काही विरोध नव्हता. बांधावर हरळी हवीच, माती धरून ठेवायला तिच्यासारखं दुसरं गवत नाही. वावरात मात्र नको.

गवताची लादी कापून दुसरीकडे बसवायची कला आपल्याकडची नाही. ती थंड, पावसाळी मुलखातली, आणि फार जुनी आहे. जर्मन धर्मगुरू आणि पंडित अल्बर्टस मॅग्नस याने १२६० च्या सुमारास वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात मनोरंजनाच्या बागेत गवत कसं बसवावं ते दिलं आहे. जमिनीतली मुळं खणून काढा. तण मरावं म्हणून जागेवर उकळतं पाणी ओता. मग बारीक गवताच्या लाद्या अंथरून रुंद लाकडी ठोकळ्यांनी ठोका आणि पायांनी तुडवा. आज दादाची माणसं करतात ते याहून फारसं वेगळं नाही. तण काढतात, शेणखत आणि लाल माती घालतात, पाणी साचू नये म्हणून उतार देतात. विटांच्या बांधकामात सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत तशा लाद्या बसवतात, फटींत चाळलेली माती भरतात आणि धुमसाने ठोकतात. मूळ आणि माती यांच्यामध्ये हवा राहिली की लादी आठवड्यात पिवळी पडते.

इंग्लंडातल्या सरदारांच्या वाड्यांपुढची विस्तीर्ण हिरवळ मेंढरं चरून आणि विळ्यावाले कापून राखत. १८३० साली ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउड भागातल्या एडविन बडिंगने, लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून, गवत कापायचं यंत्र तयार केलं. तेव्हापासून हिरवळीला जनावराची गरज उरली नाही. मला या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. गवत आहे आणि ते कुणी खायचं नाही, ही कल्पना त्याआधी कोणत्याही शेतकऱ्याला सुचली नसती.

मुंबईत ही कल्पना आली ती भांडण घेऊनच. सरकारने चराईवर कर बसवला आणि गरिबांना गुरं पोसणं कठीण झालं, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ साली २०,००० रुपये देऊन ठाकूरद्वाराजवळचं समुद्रकाठचं कुरण विकत घेतलं, गुरांना फुकट चरता यावं म्हणून. पुढे १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला. किल्ल्यासमोरच्या ज्या मैदानात पारशी आणि हिंदू पोरं क्रिकेट खेळत, तिथेच गोरे साहेब पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी हिरवळ उखडायची, खड्डे पडायचे, आणि चेंडू कुठे उसळेल याचा नेम राहायचा नाही. १८८१ साली देशी खेळाडूंनी गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे अर्ज केला. निकाल आधी त्यांच्या बाजूने लागला, मग फिरला. शापूरजी सोराबजी यांनी या लढ्याची हकिकत १८९७ साली छापली. आपल्या पायाखालच्या गवतावर आपला हक्क आहे, हे इतक्या नेटाने मांडणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

पुण्याचा प्रश्न पाण्याचा होता. कँपातल्या साहेबांना एप्रिल-मेमध्येही हिरवळ हवी, आणि इथे त्या दिवसांत विहिरी तळ गाठायच्या. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण आणि मुठेचे कालवे झाले. उजवा कालवा हडपसर, लोणीवरून आमच्या रानाकडे येतो. आज ज्या पाण्यावर दादाचं लॉन वाढतं ते हेच.

विलायती गवतं दख्खनच्या उन्हात करपतात, तेव्हा बागेसाठी हरळीच निवडावी लागली. लादी कापण्यापेक्षा इथल्या माळ्यांची एक रीत मला जास्त आवडते. हरळीचे बोट-बोट तुकडे करायचे. दोन टोपल्या हरळीला एक टोपली माती, एक टोपली ताजं शेण, थोडी राख आणि पाणी घालून दाट काला करायचा आणि तयार जमिनीवर इंचभर जाडीने लिंपायचा. वर पेंढा, रोज झारीने पाणी. अंगण सारवणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातही हरळीची कथा आमच्यासारखीच. तिथल्या कापसाच्या शेतकऱ्यांना ती नको नको झाली होती. टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी तिच्यावर आयुष्य घालवलं. आधी गुरांसाठी चाऱ्याचा वाण काढला. मग आफ्रिकेतल्या एका नाजूक भाऊबंदाशी संकर करून १९५६ साली टिफग्रीन आणि १९६० साली टिफवे हे हिरवळीचे वाण दिले. या संकरांना बी धरत नाही. ते वाढवायचे तर काडीने किंवा लादीनेच. जगभरातल्या गोल्फच्या मैदानांवर आणि स्टेडियमांत ते पसरले. आणि याच बर्टन यांनी बाजरीचा नरवंध्य वाण शोधला. त्याच्यापासून १९६५ साली आपल्याकडे एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी आली. शिरूर, पारनेरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने तिचं भरघोस कणीस पाहिलं, पुढे गोसावी रोगाने ती पडलेलीही पाहिली. टिफ्टनच्या त्या माणसाचं नाव मात्र आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. मी वर्गात ते दरवर्षी सांगत असे.

लादीच्या धंद्यात मला एकच गोष्ट खुपते. प्रत्येक कापणीला गवताबरोबर मातीचा वरचा, सगळ्यात कसदार थर जातो. बंगल्यात बसवायला लाल माती येते तीही कुठल्या तरी डोंगरउताराची.  गेलेली माती ती गेलीच. काही मालक पैशासाठी रान लॉनवाल्याला खंडाने देतात आणि परत घेतात तेव्हा खाली मुरूम लागलेला असतो. दादा एका वर्षाआड आपल्या लॉनच्या तुकड्यात ताग पेरून गाडतो, तळ्यातला गाळ टाकतो. पण कुणाकुणाच्या रानाचं असं नशीब नसतं.

आणि घरच्या अंगणाला लादी लागतेच असं नाही. पावसाळ्यात हरळी काडीने लावली तर दीड-दोन महिन्यांत जमीन झाकते, खर्च निम्म्याहून कमी, आणि कुणाची माती हलत नाही. आषाढात कुणी लॉन मागायला आलं तर मी दादाला पोतंभर काड्या द्यायला लावते आणि कशा लावायच्या ते कागदावर लिहून देते: चार बोटांवर एक, दोन पेरं मातीत, एक वर, आणि पहिले पंधरा दिवस त्यावर पाय द्यायचा नाही.