किल्ला नव्हे, वाडा

आयर्लंडमधल्या ‘रिंगफोर्ट’ना किल्ले म्हणणं मला पटत नाही. अशी सुमारे ४५,००० ठिकाणं ज्ञात आहेत, बहुतेक इ. स. ६०० ते ९०० मधली. साधारण ३० मीटर व्यासाचं वर्तुळ, भोवती खंदक, त्याच्याच मातीचा बांध, आत शेतकऱ्याचं घर. सैन्यापुढे हा बांध काय टिकणार? पण धास्ती होती गुरं पळवणाऱ्या शेजाऱ्यांची. जिथे माणसाची पत दुभत्या गायींवरून ठरे, तिथे धाड थोडा वेळ अडली तरी पुष्कळ. आपला ‘वाडा’ घरालाही चालतो, गुरांच्या आवारालाही. इथे तोच शोभेल. अँट्रिममधल्या डिअर पार्क फार्म्सला तर ओल्या मातीत कुडाच्या दुहेरी भिंती शाबूत सापडल्या. पुढे लोक या जागा पऱ्यांच्या मानू लागले, तिथे नांगर घालायला धजेनात. म्हणून तर इतक्या उरल्या.