पेट्यांत अडकलेला वारसा

इतवारीच्या सराफ्यात वारसा म्हटला की सोने, दुकान, घर एवढेच डोळ्यांसमोर येते. आपल्या समाजाचा सर्वांत मोठा वारसा कागदांचा होता, आणि तो पेट्यांत अडकला.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मागे मृत्युपत्र नव्हते. त्याच वर्षी १७ जूनला अमलात आलेला हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू. त्याप्रमाणे विधवा आणि मुलगा सारखेच वाटेकरी. स्त्रीच्या हक्कासाठी ज्यांनी हिंदू कोड बिल लढवले, त्यांच्याच घरी हा नियम लागू व्हावा!

पण कायदा वाटे सांगतो; हस्तलिखित कोणी छापावे हे लिहिणाऱ्यानेच सांगून ठेवावे लागते. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. ते झाले नाही. अप्रकाशित लेखन आधी दिल्ली उच्च न्यायालयाच्या रिसिव्हरकडे, मग महाराष्ट्राच्या अॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे पडून राहिले. अखेर नागपूरचे वकील जे. बी. बनसोड यांनी इथल्या खंडपीठात दावा लावला : मला छापू द्या, नाहीतर सरकारने छापावे. दावा वर्षानुवर्षे रेंगाळला. शासनाचा पहिला खंड १९७९ साली निघाला. ‘रिडल्स’ वाचकांच्या हाती पडले ते १९८७ साली.